अर्ध्या टनाचा पिकअप, 28 फुटांचा ट्रेलर आणि वजनकाटा

पिकअप ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं एक स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन या गाडीत कधीही भरू नये, असं त्यावर एका ओळीत लिहिलेलं असतं. आमच्या ट्रकवर तो आकडा 1,705 पौंड आहे, म्हणजे साधारण 773 किलो. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, विकणाऱ्यानं मात्र आम्हाला दुसराच आकडा सांगितला: 11,200 पौंड. "तुमचा ट्रक एवढं ओढतो, काळजीच नको." दोन्ही आकडे खरे आहेत. पण मोठा ट्रेलर मागे लावून लेकरांसकट डोंगर ओलांडायचा असेल, तर दारावरचा आकडा कितीतरी आधी संपतो. अमेरिकेत आपल्यातली बरीच मंडळी आता ट्रेलर घ्यायला लागली आहेत, म्हणून आम्ही हे सगळं कसं केलं ते सविस्तर लिहिते आहे.

आम्ही डेन्व्हरच्या पूर्वेला, ऑरोरात राहतो. सासू-सासरे शिरोळहून उन्हाळ्यात येणार होते. त्यांना डोंगर दाखवायचे, पण तंबूत जमिनीवर झोपवायचं नाही, रात्री संडासासाठी अंधारात चालायला लावायचं नाही, म्हणून ट्रेलर. पलंग, मुलांसाठी बंक, ओटा, न्हाणीघर असं सगळं असलेला 28 फुटी ट्रेलर आम्हाला आवडला. त्याचं रिकामं वजन 5,700 पौंड, आणि भरून जास्तीत जास्त 7,400. ट्रक घरात आधीच होता, एफ-150, रॅम 1500, सिल्व्हराडो 1500 यांच्या वर्गातला, ज्याला इथे 'हाफ टन' म्हणतात. हे नाव जुन्या काळचं आहे. तेव्हा असे ट्रक अर्धा अमेरिकन टन, म्हणजे हजार पौंड पेलायचे. आता त्याहून जास्त पेलतात, पण नाव तेच राहिलं.

खरेदीच्या आधी मी मंडळातल्या एका काकांना फोन केला. ते गेली कित्येक वर्षं ट्रेलर घेऊन हिंडतात. म्हटलं, "काका, अकरा हजार ओढतो म्हणतात, मग सात हजाराला काय हरकत आहे?" ते म्हणाले, "अगं, ओढायचं सोड. ट्रेलरचं नाक तुझ्या ट्रकवर किती टेकणार ते काढ आधी. ते टंग वेट आणि तुम्ही सगळे, हे मिळून दारावरच्या आकड्यात बसतंय का बघ."

त्या रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी जोडणीवर, यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागून डुलायला लागतो. जास्त आला तर ट्रकचं मागचं अंग दबतं. माहितीपत्रकात टंग वेट 600 पौंड लिहिलं होतं, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी आणि पुढच्या कप्प्यातलं सामान सगळं नाकावरच येतं. म्हणून आम्ही हिशेब भरलेल्या वजनावरच केला. 7,400 चे 13 टक्के म्हणजे 960 च्या आसपास. हिचचं लोखंड 95. आम्ही चौघं 475 (ड्रायव्हरचं वजनही यात धरावं लागतं). झाले 1,530. हौद्यात टाकायला उरले 175 पौंड. आईस बॉक्स, हत्यारांची पेटी, लाकडी ठोकळे, मुलांच्या दोन सायकली एवढ्यात ते संपतात.

दुकानदार त्याच दिवशी 32 फुटी ट्रेलरही दाखवत होता, भरून 9,000 पौंडांचा. त्याचे 13 टक्के होतात 1,170. त्यात आम्ही चौघं आणि हिच मिळवा, 1,740. हौद्यात काडीही न टाकता मर्यादा ओलांडली! आणि तरीही तो ट्रेलर '11,200 च्या आत'च होता. हे असं का होतं, तर ओढण्याचे आकडे ज्या जे-2807 नावाच्या मानकावर काढतात, त्यात ट्रकमध्ये 150 पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. त्या मानकाची चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे आणि ती कडकच आहे. इंजिन, गिअर, थंडावा यांची परीक्षा त्यात चोख होते. पण ज्या कुटुंबात दोन मुलं आणि हौद्यात सामान आहे त्यांच्यासाठी तो आकडा नाही. सासू-सासऱ्यांना मागच्या सीटवर बसवलं तर आणखी 285 पौंड वाढणार होते. ते कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं. तेव्हाच ठरलं की ट्रक मी चालवायचा, मुलं माझ्याबरोबर, आणि नवरा आई-बाबांना घेऊन आपल्या कारनं मागून येणार. सगळ्यांनी एकाच गाडीतून जाण्याची मजा गेली खरी, पण या बाबतीत मला दुमत चालणारच नव्हतं.

आता हिच. ट्रेलरचं नाक ज्या लोखंडी गोळ्यावर बसतं त्या नुसत्या साध्या बॉलवर एवढा ट्रेलर लावू नये. आमच्या ट्रकच्या हिचवरच्या पट्टीवरच लिहिलं आहे की नुसत्या बॉलवर 5,000 पौंडांपर्यंत, त्यापुढे वेट डिस्ट्रिब्युशन हिच हवाच. या हिचला दोन जाड पोलादी दांड्या असतात. त्या ट्रेलरच्या नाकाखालून जातात आणि ताणून बसवल्या की मागच्या चाकांवर पडलेला भार काही पुढच्या चाकांकडे, काही ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. आमच्या हिचमध्ये डुलणं रोखणारं घर्षणही त्याच दांड्यांतून मिळतं.

तो बसवायचं काम आम्ही घरासमोर, सपाट जागी केलं. टेप घेऊन ट्रकच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजली, 38.5 इंच. ट्रेलर बॉलवर टेकवला, दांड्या न लावता, तर 40. म्हणजे ट्रकनं नाक दीड इंच वर केलं होतं. दिसायला काहीच नाही, पण स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक ज्या चाकांवर अवलंबून आहेत, त्यांच्यावरचा भार तेवढा उडाला होता. दांड्या लावल्यावर 39.5. पुरेसं नव्हतं. वाढलेल्या उंचीपैकी निदान अर्धी तरी कमी व्हायला हवी, आणि मूळ उंचीच्या खाली मात्र जाऊ द्यायची नाही, अशी आमच्या ट्रकच्या पुस्तिकेतली सूचना आहे. हिचचं डोकं थोडं मागे कलतं करण्यासाठी एक वॉशर वाढवला, पुन्हा सगळं जोडलं, आणि उंची 39 च्या जरा वर आली. दांड्या बसवताना ट्रेलरच्या जॅकनं नाक आणि ट्रकचं मागचं अंग दोन्ही एकत्र उचलून घ्यायचं, म्हणजे दांडी हातानं सहज बसते. नुसत्या ताकदीनं, लोंबकळून ती बसवू नये. ताण असलेली दांडी निसटली तर हाड मोडेल. मुलांना त्या वेळी आम्ही लांब, घराच्या ओट्यावर उभं केलं होतं आणि तो नियम आजही आहे.

टेपनं अंदाज येतो, खात्री काट्यावर होते. महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. 1977 साली आयोवातल्या वॉलकॉटला सुरू झालेली ही कंपनी, मुख्यतः मोठ्या ट्रकवाल्यांसाठी. पण आपणही जाऊ शकतो. तीन पट्ट्या असतात: पहिलीवर पुढची चाकं, दुसरीवर मागची, तिसरीवर ट्रेलर. बटण दाबून बोलायचं किंवा फोनवरच्या ॲपमधून वजन मागवायचं. एका वजनाला थोडे डॉलर लागतात, आणि लगेचच पुन्हा केलं तर फारच कमी. आम्ही चौघं बसून, सगळं सामान भरून, पेट्रोलची टाकी काठोकाठ करून गेलो. गर्दी नसावी म्हणून रविवारी भल्या सकाळी.

पहिली चिठ्ठी दांड्या ताणलेल्या असताना: पुढचा ॲक्सल 3,060, मागचा 3,740, ट्रेलर 6,160. मग काट्यावरच दांड्या सोडल्या आणि दुसरी चिठ्ठी घेतली: 2,820, 4,140, 6,000. आमच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा 4,050 आहे. म्हणजे दांड्यांशिवाय आम्ही ती ओलांडत होतो, आणि पुढच्या चाकांवरून 400 पौंड उडाले होते. शेवटी ट्रेलर पार्किंगमध्ये लावून, चाकांना ठोकळे देऊन, नुसत्या ट्रकचं वजन केलं: 3,220 आणि 2,840.

या तीन चिठ्ठ्यांतून सगळं कळतं. दुसऱ्या चिठ्ठीतलं ट्रकचं वजन 6,960, तिसऱ्यातलं 6,060, म्हणून टंग वेट 900. ट्रेलर एकूण 6,900, म्हणजे 13 टक्के बरोबर. दांड्या लावल्यावर पुढच्या चाकांनी गमावलेल्या 400 मधले 240 परत आले. ट्रकची एकूण मर्यादा 7,050, भरला 6,800. सगळं आत बसलं, पण किती जवळ जाऊन बसलं ते बघा. 6,900 च्या ट्रेलरलाच ही स्थिती, आणि म्हणे 11,200!

काट्यावर गेलो तेव्हा पाण्याची टाकी रिकामी होती, हे मुद्दाम सांगते. एक गॅलन पाणी 8.3 पौंड भरतं, आणि आमची टाकी 40 गॅलनची. भरली की 330 पौंडांच्या वर गेलं. शिवाय ती ट्रेलरच्या चाकांच्या मागे आहे, म्हणजे ती भरली की नाकावरचा भार घटतो आणि डुलण्याची शक्यता वाढते. काही ट्रेलरमध्ये टाकी पुढे असते, मग उलटं होतं. आपली टाकी नक्की कुठे आहे हे वाकून बघावं. आम्ही पाणी मुक्कामी पोहोचल्यावरच भरतो. जड डबे, पिठं-तांदूळ चाकांच्या वर किंवा थोडे पुढे. मागच्या बंपरवर काहीही टांगायचं नाही.

ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि ते किती जोरात लागावेत हे ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरवर ठरतं. मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी 20-25 मैलांनी जाऊन नुसती त्याची हातातली कळ दाबायची. ट्रेलरनं आपल्याला मागून घट्ट धरल्यासारखं वाटलं पाहिजे, पण चाकं जाम होऊन घासटता कामा नयेत. आकडा एकेक पायरी वाढवत ते शोधलं. ही कळ कुठे आहे हे न बघता हाताला सापडलं पाहिजे. ट्रेलर डुलायला लागला तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ती कळ दाबायची. ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागे खेचला जाऊन सरळ होतो. मी हे मोकळ्या जागी इतक्या वेळा केलं की हात आपोआप तिथे जायला लागला. नवऱ्यालाही करायला लावलं.

टायरबद्दल थोडक्यात. ट्रेलरच्या टायरवर 'एसटी' लिहिलेलं असतं आणि त्यातले पुष्कळ ताशी 65 मैलांपर्यंतच चालवायचे असतात. बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. दिसायला कोरे असले तरी जुने टायर फाटतात. हवा थंड असताना टायरवर लिहिलेली पूर्ण भरायची. नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या 50 मैलांनंतर पुन्हा टॉर्क पान्यानं आवळायचे. आमचे दोन नट खरंच थोडे फिरले.

सरावासाठी आम्ही डोंगराकडे न जाता उलट्या दिशेला गेलो, आय-76 वरून जॅक्सन लेक स्टेट पार्कला. सपाट माळ, सरळ रस्ता आणि वारा. मोठा ट्रक शेजारून पुढे जातो तेव्हा आधी त्याच्या नाकासमोरची हवा तुम्हाला बाहेर ढकलते, मग तो पुढे सरकला की आत ओढते. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. लेनमध्ये थोडं बाहेरच्या बाजूला सरकून, स्टिअरिंग हलक्या हातानं धरून ते जाऊ द्यायचं. मी ताशी 60-62 मैल धरले आणि तेवढेच ठेवले. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच 55 ची मर्यादा आहे, आणि त्यात मला तथ्य वाटतं. पेट्रोल गॅलनला 9-10 मैल, म्हणून पंप आधीच हेरून ठेवावे, तेही ट्रेलरसकट वळता येईल असे.

सासू-सासरे आल्यावर बाबा पहिल्याच दिवशी ट्रेलरभोवती फिरले. खाली वाकून ॲक्सल बघितला, हिचला हात लावला आणि विचारलं, "काटा केलास का गं याचा?" शिरोळ भागात सगळी हयात ऊसशेतीत गेलेला माणूस. मी तिन्ही चिठ्ठ्या आणून दिल्या. चष्मा लावून त्यांनी दुसऱ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "पुढचं चाक उचलाय लागलं होतं की." मग मला म्हणाले, "आपल्याकडं ट्रॉली मागं जास्त भरली की चढाला ट्रॅक्टरचं तोंड वर होतंय बघ, वळवायला गेलं तरी वळत नाही. तसंच हाय हे." पुढच्या चाकांवरचा भार म्हणजे काय, हे मी इंग्रजीतल्या कितीतरी व्हिडिओंमधून शिकले होते. त्यांना चिठ्ठी बघूनच कळलं. दांड्या कशा भार पुढे ढकलतात हे मी दाखवलं, तर त्यांनी मला पुन्हा सगळं सोडून पुन्हा जोडायला लावलं. साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या का नेतात तेही विचारलं. बॉलवरून नाक निसटलं तर ते रस्त्यात रुतण्याऐवजी त्या फुलीवर झेललं जातं, असं सांगितल्यावर मान हलवली. निघायच्या दिवशी माझी तपासणीची यादी ते एकेक करून वाचत होते आणि मी हात लावून "हो" म्हणत होते. खिटी, साखळ्या, सात पिनांचा प्लग, ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार, दांड्या, जॅक वर, पायऱ्या आत, गॅस बंद, दिवे.

मग आय-70 नं पश्चिमेला. डेन्व्हरपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता एकंदरीत चढत जातो आणि बोगदा 11,158 फुटांवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन सुमारे तीस टक्के ताकद गमावतं. आमचं टर्बोवालं आहे, तरी शेवटच्या चढाला मी उजव्या लेनमध्ये ताशी 45 मैलांवर होते आणि इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांच्या आसपास गरगरत होतं. त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. तापमानाचा काटा बघायचा आणि मागच्यांनी हॉर्न दिला तरी वेग वाढवायचा नाही.

कस लागतो तो उताराला. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे 2,000 फूट खाली, मोठ्या ट्रकांसाठी इशाऱ्याच्या पाट्या, आणि ब्रेक गेलेल्यांना बारीक खडीत शिरून थांबण्यासाठी बाजूला रॅम्प. मी बोगद्यातच टो-हॉल (ओझं ओढताना वापरायचा ट्रकचा मोड) चालू करून वेग 45 वर आणला आणि खालचा गिअर घेतला. उतार लागायच्या आधी वेग कमी असला की इंजिन तो धरून ठेवतं. वाढून 50 झाला की ब्रेक ठामपणे दाबून 42-43 वर आणायचा, आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ब्रेक थंड होतात. पाय नुसता टेकवून ठेवला तर ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. अर्ध्या टनाच्या ट्रकनं हे उत्तम केलं, हे कौतुकानं सांगायला हवं. मागून नवऱ्याचा वॉकी-टॉकीवर आवाज आला, "सरळ चाललाय, अजिबात हलत नाहीये." सिल्व्हरथॉर्नला थांबून मी प्रत्येक चाकाच्या मध्याला इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. सगळी जवळपास सारखीच तापली होती. एखादं फार वेगळं दिसलं असतं तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडला असं समजून तिथेच थांबले असते.

वेल पास, मग ग्लेनवुड कॅन्यनची वळणं, आणि संध्याकाळी फ्रूटाच्या स्टेट पार्कमध्ये, कोलोरॅडो नदीच्या काठी. सासूबाईंनी ट्रेलरच्या ओट्यावर पिठलं-भात केला आणि मुलं बंकवर चढून बसली. आधी चाकांना ठोकळे, मगच दांड्या आणि नाक सोडायचं, हा क्रम बाबांनी माझ्याआधी म्हणून दाखवला.

परतीच्या दिवशी वाऱ्याचा इशारा होता, झोत ताशी 50 मैलांचे. 28 फूट लांब आणि 11 फूट उंच भिंत आडव्या वाऱ्यात न्यायची नाही, हे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. वजनं कितीही बरोबर असली तरी त्याचा इथे उपयोग नाही. नवऱ्यानं ऑफिसला कळवलं, मी पार्कच्या ऑफिसात जाऊन आणखी एका रात्रीचे पैसे भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला तेव्हा निघालो, आणि दुपारची गर्दी बोगद्याजवळ जमायच्या आत पलीकडे उतरलो.